अतुबिगा कामावर हजर

यादीत एकशे त्र्याऐंशी नावं होती. चौऱ्याण्णवावं नाव लारिबाच्या वडिलांचं होतं.

सरकारी पगार घेणारा प्रत्येक माणूस खरोखर जिवंत आहे आणि खरोखर कामावर येतो, एवढं तपासणं हे राजधानी अक्रातल्या पगार-कचेरीत लारिबाचं काम. बोटांचे ठसे द्यायला जे लागोपाठ तीनदा आले नाहीत त्यांची यादी दर तीन महिन्यांनी तिच्या टेबलावर यायची. कचेरीत त्यांना भुतं म्हणत. दुपारच्या सुट्टीत एकमेकांना विचारत, आज किती भुतं उतरवलीस? लारिबाही हसून आकडा सांगे. बारा वर्षांत तिने कितीतरी उतरवली होती, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. लोकांनी भरलेल्या करावर मेलेली माणसं जगवायची म्हणजे चोरीच ती.

अतुबिगा, पंपचालक, तिंगोला पाणीपुरवठा केंद्र. शेजारच्या रकान्यात केंद्रप्रमुखाचा शेरा: कामावर हजर. जूनमध्ये हजर, जुलैमध्ये हजर, असं करत जानेवारीपर्यंत हजर. अतुबिगाला मातीत ठेवलं मेच्या शेवटच्या आठवड्यात. लारिबा तेव्हा खड्ड्याच्या तोंडाशी उभी होती.

नात्यातलं नाव आलं तर तो कागद वरिष्ठांकडे द्यायचा असा नियम होता. नियम तिनेच नव्या मुलींना शिकवलेला. तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि रजेचा अर्ज लिहिला. कारण: वडिलांचं उत्तरकार्य. तेही खोटं नव्हतं. उत्तरेकडे माणूस पुरला म्हणजे गेला असं होत नाही. पीक घरात आल्यावर, कोरड्या दिवसांत, सगळं गोत जमवून उत्तरकार्य करतात आणि मग तो पूर्वजांत जातो. तोवर तो गेला असं कुणी तोंडाने म्हणत नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, शेतावर गेलाय.

बसमध्ये तिने हिशेब मांडला. वडिलांचं बँकेचं कार्ड धाकट्या भावाकडे, रेमंडकडे होतं. दुसऱ्या कुणाचा हात तिथे पोचण्यासारखा नव्हता. लहानपणी तो चोरून साखर खायचा तेव्हा ती त्याच्या वाटचा मार खायची. या वेळी खाणार नव्हती.

तिंगोल्यात हरमट्टान वाऱ्याची धूळ इतकी होती, की समोरच्या घराची भिंतही ओळखू येत नव्हती. आई दाराशी चटईवर बसलेली. विधवेचा दोर तिच्या गळ्यात होता, आणि दोराखालची कातडी सोलवटून काळी पडली होती. उत्तरकार्य होईपर्यंत तो दोर निघत नाही. बाजाराला जायचं नाही, ज्वारीची दारू, पितो, गाळून विकायची नाही, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. तीस वर्षं जिच्या पितोवर अख्खी गल्ली भांडली आणि पुन्हा एक झाली, ती बाई नऊ महिने भिंतीला टेकून बसली होती.

“आलीस? वाळलीस,” आई म्हणाली. “अक्रात खायला घालत नाहीत का नुसती भुतंच मोजायला लावतात?”

लारिबाने रेमंडला अंगणाच्या टोकाला नेलं आणि यादी पुढे धरली. त्याने ती वाचली. तो ना घाबरला ना चिडला, आणि त्यामुळे तिचं अवसान गळालं.

“मी खात नाही, ताई. वाटतो,” तो म्हणाला. “चल, मोटरसायकलवर बस.”

पाणीपुरवठा केंद्र गावाबाहेर धरणाच्या कडेला. पंपघराच्या दाराशी वडिलांचे रबरी बूट दिसले आणि लारिबाचं पाऊल अडखळलं. बुटांत तालाता होती. पन्नाशीची, उंच, दोन्ही हात कोपरापर्यंत तुरटीने पांढरे. ती अकरा वर्षं इथे रोजंदारीवर होती. अतुबिगाने तिला झाडू मारायला घेतलं होतं आणि हळूहळू सगळं शिकवलं होतं. किती गढूळ पाण्याला किती तुरटी, क्लोरीन कधी वाढवायचं, पंपाचा आवाज बदलला तर कुठला बोल्ट पाहायचा. तिने लारिबाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा हौदाकडे वळली. हौदाचं काम थांबवण्यासारखं नसतं.

केंद्रप्रमुख अविनबिला आत टेबलामागे होते. त्यांच्याकडे अशी पाच केंद्रं होती आणि एक मोटरसायकल.

“या. पाहुणी म्हणून आलात का कचेरी म्हणून, तेवढं आधी सांगा,” ते म्हणाले. “खुर्ची त्याप्रमाणे देतो. एक मोडकी आहे.”

लारिबा मोडक्या खुर्चीवर बसली.

मग अविनबिलांनी जे सांगितलं त्यातलं अर्धं तिला कचेरीच्या बाजूने आधीच माहीत होतं. केंद्र बांधलं तेव्हा अकरा जागा मंजूर झाल्या होत्या. एकेक जण निवृत्त झाला, एक दक्षिणेला पळाला, दोघे वारले. नवी भरती बंद होती. जागा रिकामी झाली की ती भरायची नाही, मोडीत काढायची, असा वरून हुकूम होता. खर्च कमी करायचा तर तोच सोपा मार्ग. “आमच्याकडे माणूस पुरतात ना, मॅडम, तर त्याची जागाही त्याच खड्ड्यात घालतात,” अविनबिला म्हणाले. शेवटी उरला एकटा अतुबिगा. केंद्रावर निदान एक चालक असला तर विभागाच्या कोठारातून तुरटी आणि क्लोरीन मिळायचं, तेही निम्मं. चालक नाही तर केंद्रच नाही. म्हणून मेनंतरही अतुबिगा हजर राहिला. त्याच्या पगारातला अर्धा तालाताला जायचा, उरलेल्यातून बाजारातलं क्लोरीन यायचं. नऊ हजार माणसं ते पाणी पीत होती.

“आणि दर महिन्याला तुम्ही खोटी सही करत होता,” लारिबा म्हणाली.

“खोटी कशी?” अविनबिला खरंच दुखावल्यासारखे दिसले. “उत्तरकार्य झालंय का? मी प्रत्येक महिन्याच्या शेवटी तुमच्या घरी जाऊन विचारतो, म्हातारा कुठाय. तुमची आई सांगते, शेतावर गेलाय. मग मी त्याला मेला म्हणू? तुमच्या आईपेक्षा मी शहाणा?”

अक्रात कुणी असं बोललं असतं तर लारिबाने लेखणी उचलून रेघ मारली असती. इथे बसून ते खोटं वाटत नव्हतं. गेल्या नाताळात शेजारणीने फोनवर वडिलांची चौकशी केली, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं होतं, शेतावर आहेत.

अविनबिला पुढे झुकले. त्यांना जे मागायचं होतं ते त्यांनी हळू आवाजात मागितलं. उत्तरकार्य एक वर्ष पुढे ढकला. पीक कमी आलं म्हणा, काकाची तब्येत म्हणा. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, भरती उघडेल. तेवढ्यात तालाताचा कागद पुढे सरकवतो. एकदा उत्तरकार्य झालं की मला सही करता येणार नाही. तेवढा मी हलकट नाही.

निघताना तालाताने तिला हौदाशी थांबवलं. काचेच्या नळीत पाणी घेतलं, क्लोरीन तपासायची एक गोळी टाकली, हलवलं. पाणी फिकट गुलाबी झालं.

“गुलाबी झालं म्हणजे पोरं वाचली,” तालाता म्हणाली. “तुझा बाप रोज सकाळी हे करायचा आणि मगच खायचा.”

“मावशी, तुला काय वाटतं? ढकलावं का?”

“मला काय विचारतेस? मी कागदावर नाही.”

घरी जाताना सार्वजनिक नळावर बायकांची रांग होती. लारिबाला ओळखून एकीने बादली खाली ठेवली आणि विचारलं, बाजाराच्या दिवशी पाटी मांडली की कराचं तिकीट फाडतात, फोनवरून पोराला पैसे पाठवले तरी कापतात, तू तिथंच बसतेस ना आमचे पैसे मोजायला? मग सांग की बाई, कमी पडतात का? रांगेत हशा पिकला. लारिबाही हसली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी अंगणात काका, अपोका आत्या, रेमंड आणि आई बसले. कार्याचा दिवस ठरला होता, ज्वारी भिजत घातली होती, गिनी कोंबड्या बांधून ठेवल्या होत्या. लारिबाने अविनबिलांचं म्हणणं सांगितलं. रेमंड म्हणाला, पाणी बंद झालं तर पहिली शिवी आपल्याच घराला बसेल. आत्या भडकली. सरकारला माणूस मिळत नाही म्हणून माझ्या भावाला उंबऱ्यात उभा करून ठेवायचा? ना घरात, ना पूर्वजांत? त्याच्या नावाचा पगार खायचा वर्षभर?

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

“मी बसेन,” आई म्हणाली. “नऊ महिने बसले, अजून बारा बसेन. बसून कुणी मरत नाही.” तिने दोराखाली बोट घालून खाजवलं. “पण त्यांना विचारायला हवं होतं. ते असते तर पाणी म्हणाले असते. आणि त्यांची सही दुसऱ्याने केलेली त्यांना चालली नसती. आता यातलं कुठलं धरायचं, ते तूच ठरव. थोरली तू आहेस. शिकलेलीही तूच.”

लारिबाने दोन दिवस घेतले. मनात ती त्याच त्या वाटा पुन्हा पुन्हा चालली. ढकललं तर यादीवर तिलाच लिहावं लागणार होतं, हजर. आणि पुढच्या तिमाहीलाही. ते लिहिण्याची तिला भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती याची, की लिहायला आवडेल. दर तीन महिन्यांनी एकदा वडील आहेत असं शाईने लिहायचं आणि कुणी हरकत घ्यायची नाही.

शेवटी आईच्या गळ्याने ठरवलं. सकाळी शियाच्या बियांचं तूप लावायला दोर थोडा उचलला, तर खालची कातडी दोराबरोबर आली. लारिबा उठली आणि काकाला सांगितलं, ठरल्या दिवशीच करायचं.

तिने स्वतःला समजावलं ते असं: कचेरी मला माहीत आहे. कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर अडतो आणि कुठल्या शब्दाने सुटतो, हे मला माहीत आहे. खरं लिहीन, पूर्ण लिहीन, तालाताची अकरा वर्षं पुराव्यासकट जोडीन. कागद नीट भरला तर काम होतं. हा विश्वास तिला वडिलांकडून मिळाला होता. त्यांनी तीस वर्षं रोजची नोंद न चुकता भरली होती.

कार्याला गाव लोटलं. रिवाजाप्रमाणे एका बाईने मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची असते. घरची सून करते ती. रेमंडची बायको किनाऱ्याकडची, तिने सासऱ्याला चारदाच पाहिलेलं. बायका लारिबाकडे वळल्या, आणि लारिबाच्या ध्यानात आलं, की आपल्याला बाबांची चाल आठवत नाही. चेहरा आठवतो, आवाज आठवतो, पण चालताना ते कुठला पाय आधी टाकत, हात कुठे ठेवत, काही नाही.

मग आत्याने तालाताला ढकललं. ती आत गेली आणि अतुबिगा बाहेर आला. मागे बांधलेले हात, डावा खांदा किंचित खाली, दर दहा पावलांनी थांबून जमिनीखालच्या पाइपाकडे कान. अंगावर त्याची पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, फुगू. लोक हसता हसता रडू लागले. तालाता एकेकापाशी जाऊन त्याच्याच घोगऱ्या आवाजात खोड काढत होती. अविनबिलांना म्हणाली, काय साहेब, माझी रजा कधी मंजूर करता? रेमंडला म्हणाली, कार्ड जपून ठेव बरं, मी येतोय. मग ती लारिबापुढे उभी राहिली.

“अक्राची साहेबीण आली का?” ती म्हणाली. “बघ नीट. ठसे घे. मी हजर आहे.”

हसू अंगणभर पसरलं. नक्कल करणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं, टोमण्याला टोमणा. लारिबाने तालाताचे दोन्ही हात धरले. ते कोपरापर्यंत खरखरीत होते. बराच वेळ तिने सोडले नाहीत, तेव्हा आत्यानेच तिला बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईचा दोर कापला. दुपारी अविनबिला आले, पितोची भोपळवाटी रिकामी केली आणि एक कागद दिला. त्यावर पंपचालक अतुबिगा यांच्या निधनाची तारीख होती, मे महिन्यातली. “कालपर्यंत हे खोटं झालं असतं,” ते म्हणाले. “आता दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही ठरवलंत ते बरोबरच ठरवलंत, मॅडम. बरोबर ठरवल्याचे पैसे मात्र कुणी देत नाही.”

अक्रात लारिबाने कागद वरिष्ठांकडे दिला. उशीर झाल्याबद्दल तिने लेखी माफी मागितली. त्याला चार पानांचं टिपण जोडलं: तिंगोल्याची लोकसंख्या, केंद्राची स्थिती, तालाताचा अनुभव, तिला त्याच जागेवर घ्यावं अशी विनंती. वाक्यं पुनःपुन्हा तपासली. कुठेही दया मागितली नाही.

नऊ दिवसांत अतुबिगाचं नाव उतरलं. इतक्या लवकर सहसा उतरत नाही. मेनंतर उचललेला पगार त्याच्या मरणोत्तर रकमेतून वळता करून घेतला, आणि आईच्या हाती आलं ते थोडंच. टिपणाचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं, दोन ओळींचं. चालकाच्या निधनाबरोबर सदर पद संपुष्टात आलं आहे. अस्तित्वात नसलेल्या पदावर नेमणूक करता येत नाही.

तिमाही बैठकीत संचालकांनी भुतं उतरवून वाचवलेली रक्कम वाचून दाखवली. लारिबाच्या विभागाची सर्वांत जास्त. करदात्यांचा पैसा, संचालक म्हणाले, पेसेवाचं एकेक नाणं. टाळ्या झाल्या. लारिबाने वहीत तारीख लिहिली आणि त्याखाली काहीच लिहिलं नाही.

कोठाराने तिंगोल्याला बिनचालकाचं केंद्र ठरवून तुरटी आणि क्लोरीन थांबवलं. लारिबा दर महिन्याला तालाताला पैसे पाठवू लागली. तिच्या पगारातून आधी कर कापला जायचा, आणि उरलेल्यातून ती तेच काम पुन्हा विकत घ्यायची. पाठवतानाही थोडे कापले जायचे. तीन महिने निभलं. मग पाऊस लागला, धरणात गाळाचं पाणी आलं. अशा पाण्याला दुप्पट तुरटी लागते. भावही वाढले. चौथ्या महिन्यात तिला घरभाडं आणि क्लोरीन यांतलं एक निवडावं लागलं, आणि तिने निम्मं निम्मं केलं, म्हणजे दोन्हीकडे कमी पडलं.

जूनमधल्या एका सकाळी ती यादी तपासत होती तेव्हा फोन वाजला. तालाता होती. ती नेहमी रेमंडच्या फोनवरून एक-दोन शब्द बोलायची. आज तिने कुणाकडून तरी फोन मागून घेतला होता. ती लारिबाला अहोजाहो करत होती.

तिने सांगितलं, तीन दिवस नळीतलं पाणी गुलाबी होत नाहीये. दोन गोळ्या टाकून पाहिल्या. होत नाही. शहराजवळ एका हॉटेलात भांडी घासायला बोलावलंय, पगार हातात देतात. जायचं तर उद्याच जायला हवं. पण कुणाला विचारून जायचं ते कळेना.

“अविनबिला साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तू कधी लागलीच नव्हतीस, तर तुला सोडू कसा? मी तुमच्या वडिलांच्या नावावर काम करत होते. त्यांची थोरली तुम्ही. तुम्ही सोडा मला.”

लारिबा उठून खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर रोजची रहदारी होती. तिला म्हणायचं होतं, अजून एक महिना थांब. तिच्याकडे त्या महिन्याचं काहीही नव्हतं.

“जा मावशी,” ती म्हणाली. “तू जा.”

“बरं,” तालाता म्हणाली. “आणि एक. पंप चालू ठेवून जाऊ, का बंद करून? रेमंड तासभर येऊन कळ दाबीन म्हणतो. पाणी येईल नळाला. नुसतं पाणी.”

लारिबाने डोळे मिटले. धरणावरून बायका पाणी आणतात तेव्हा उकळतात; लाकूड महाग झालं तरी पोरांपुरतं तरी उकळतात. नळाचं पाणी कुणी उकळत नाही. गेली तीस वर्षं ते तसंच पितात. नळाला आलं म्हणजे चांगलं, हे एका माणसाने त्यांना शिकवलं होतं.

“बंद करून जा,” ती म्हणाली.

“मलाही तेच वाटत होतं,” तालाता म्हणाली. “पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्या आईला सांगते, आजचं पाणी जरा जास्त भरून ठेवायला आणि उकळून प्यायला.”